भाऊजी, पेटी बिघडली नव्हती

भाऊजी, तुम्हाला मातीत ठेवून आज अठरा दिवस झाले. पाळकसाहेब म्हणाले, "काकू, मंडळीच्या पत्रिकेसाठी शांतवनभाऊंवर तुम्हीच लिहा." मी म्हटलं, साहेब, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला बोलता येते, लिहिता कुठं येते? ते म्हणाले, बोलता तसंच लिहा. तर हे माझं बोलणं समजा. जिवंत होते तेव्हा तुम्ही मला एक वाक्य पुरतं करू दिलं नाही. आता ऐका.

तुमचा जन्म, बाप्तिस्मा, मंडळीतली सेवा, हे सगळं पाळकसाहेबांनी कबरीजवळ वाचून दाखवलं. तुम्ही उभे असते तर शेजारच्याला कोपर मारून म्हटलं असतं, "हा कोन होय गा? बरा माणूस दिसून राहिला." मला ते परत लिहायचं नाही. मला आपलं भांडण लिहायचं आहे, कारण ते अर्धं राहिलं.

भांडण एवढंच होतं, की चर्चमध्ये माणसं काऊन गात नाही? माणसं म्हणजे आपल्याकडे बाप्ये, हे बाहेरगावी पत्रिका वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. तुम्ही म्हणायचे, तुम्ही बाया गाऊ देत नाही म्हणून. मी म्हणायची, तुमच्यात भक्तीच नाही त गाल कुठून? आणि या भांडणाच्या बुडाशी तुमचे दादा होते. माझा नवरा. दादाला आत आणून गायला लावीन, हा तुमचा हट्ट. ते काही होत नाही, हा माझा.

दर रविवारचं आपलं ठरलेलं होतं. पेटीवर मी, बाजूला माझी जाऊ, तुमची सुमन, मागं पंधरा-वीस बाया. पहिलं गाणं सुरू झालं की माणसं बाहेर मोहाच्या झाडाखाली, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. चौथं गाणं संपून पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की एकेक जण तोंड पुसत, चपला काढत आत. उशिरा आलेला दारातल्याला विचारायचा, "झाले का गाने?" अंगावरचं काम संपलं का, असं विचारावं तसं. तुमचे दादा तर उपदेशालाही दाराशीच बसायचे. तुम्ही एकटे पहिल्यापासून आत, भिंतीला पाठ लावून. मांडीवर ताल धरायचे, ओठ हलवायचे, पण आवाज नाही.

मी एकदा विचारलंच. "भाऊजी, ओठ हलवता, त आवाज काऊन काढत नाही?"

"वहिनी, तुमची काळी पाच हाये. तिथवर चढाले मले शिडी लागते."

पेटीच्या पट्ट्या आम्ही नंबरानं ओळखतो. काळी पाच म्हणजे बाईच्या गळ्याला सोयीचा सूर. माणसाचा गळा काळी एक, काळी दोनला बसते. मी जिच्याजवळ बसून कानानं पेटी शिकली ती काळी पाचात गायची, म्हणून मीही काळी पाच. दुसरीकडे बोट ठेवलं की माझा हात आंधळा व्हायचा. तुम्ही सांगायचे, "वर गेलो त शिरा तानते, खाली गेलो त घुबड बोलल्यावानी वाटते. माणसानं जावं कुठं?"

"दंडारीत बरे गाता!"

"दंडारीत सूर आमचा राहते वो."

तेही खरंच होतं. धान घरात आलं की गावात दंडार उभी व्हायची, नाचणं, गाणं, सोंगं, सगळी माणसंच. दादा पुढं गायचे आणि तुम्ही मागून झील धरायचे, त्यांची ओळ उचलून घ्यायचे. देवरीकडून लोकं तुम्हा दोघा भावांना ऐकायला यायचे. मी नवी नवरी होती तेव्हा त्या आवाजाचा मला केवढा तोरा होता! आणि तोच माणूस चर्चच्या दाराशी मुका.

तुमची दुसरी तक्रार शब्दांची. तांदूळ निवडत बसली होती मी, तुम्ही माझ्या सुपातले खडे काढू लागले अन् म्हणाले, "वहिनी, आपले सारे गाने कुशीतले काऊन हाये? कुशीत घे, पदरात घे, डोक्यावरून हात फिरव. पन्नास वर्साचा मिशावाला माणूस, दिवसभर चिखल तुडवून आलेला, त्यानं भर सभेत कुशीत घे म्हनावं?"

"देवासमोर कायची लाज?"

"देवासमोर नाई. तुमच्यासमोर." मग थोडं थांबून, "प्रभू सुतार होता न? रंधा मारत होता. त्याच्याही हाताले घट्टे असतील. त्या हातावर एक गानं नाई."

"त तुम्ही लिवा."

"लिवीन."

"लिवा न मग!"

तुम्ही खडा फेकला आणि निघून गेले. मला वाटलं, गेलं हे डोक्यातून.

मग नवी पेटी घ्यायचं ठरलं. गोंदियाला पाळकसाहेब, तुम्ही आणि मी गेलो. दुकानदार म्हणाला, "माताजी, ये स्केल चेंजर है. पूरी पट्टी खिसकती है. हाथ वहीं रखो, सुर जहाँ चाहिए वहाँ ले जाओ." मी म्हटलं, "मुझे कहीं नहीं ले जाना." पाळकसाहेब हसले. तुम्ही हसले नाही. तुम्ही ती पट्टी सरकवून सरकवून बघत होते. मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी नेहमीसारखी बसली, नेहमीच्या जागी बोटं ठेवली, भाता ओढला, आणि आवाज आला तो विहिरीतून आल्यासारखा. बाया गायला लागल्या आणि दुसऱ्या ओळीत खाली पडल्या. मी आणखी जोरानं भाता मारला. सुमन माझ्याकडे बघते, मी पेटीकडे बघते. आणि तेवढ्यात बाहेरून, मोहाखालून, आवाज यायला लागला. माणसांचा! वर्षानुवर्षं कानावर पडून गाणं पाठ तर होतंच त्यांचं. आधी दोघं आत आले, मग चौघं, गालात खर्रा तसाच. चर्चचे पत्रे थरथरले म्हणते ना मी, ते खोटं नाही.

आणि मी काय केलं? भाता सोडला अन् उभी राहिली. "थांबा. पेटी बिघडली."

तुम्ही भिंतीजवळून म्हणाले, "पेटी नाई बिघडली वहिनी. आज पैल्यांदा माणसाच्या गळ्यात आली."

"माणसाच्या? आन् आमी कोन? ढोरं?"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनीही रुमाल तोंडाला लावला. मी नाही हसली. शनिवारी झाडझूड करायला म्हणून तुम्ही किल्ली नेली होती आणि पट्टी सात घरं खाली सरकवून ठेवली होती. मी सगळ्यांदेखत ती सात घरं वर सरकवली, एक, दोन, तीन, मोठ्यानं मोजत. सात म्हणेपर्यंत माणसं परत मोहाखाली.

नंतर तीन महिने मी तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही अंगणात यायचे आणि माझ्या शेळीशी बोलायचे. "सांग व तुह्या मालकिणीले, उद्या रोवण्याले दोन बाया कमी हाये." मीही शेळीलाच सांगायची, "सांग त्याईले, पेटी दुरुस्त करनाऱ्याले बोलवा रोवण्याले." सुमन कपाळावर हात मारून घ्यायची.

भाऊजी, तुम्हाला वाटलं मी हट्टी आहे. मी आहेच. पण दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही तुम्हाला सांगितल्या नाही.

एक अशी. शेतात धानाची कोणती बांधी कधी रोवायची, ते तुम्ही ठरवता. पोरीला कुठं द्यायची, ते तुम्ही. ग्रामसभेत आम्ही मागच्या सतरंजीवर बसतो, बोलता तुम्ही. आठवड्यात एक तास असा होता, की सूर आम्ही लावायचा आणि तुम्ही बाहेर थांबायचे. तो सूर सात घरं खाली गेला त्या दिवशी मला वाटलं, आता इथंही आम्ही मागच्या सतरंजीवर. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाही. तुम्ही ऐकून घेतलं असतं त मी भांडली कोणाशी असती?

दुसरी गोष्ट जड आहे. तुमचे दादा पहिल्यापासून मुके नव्हते. लग्नानंतर काही वर्षं ते आत बसायचे, माणसांच्या रांगेत, अगदी पुढं. तुम्ही त्या दिवसांत तिरोड्याकडे कामाला होते, तुम्हाला हे माहीतच नाही. एका रविवारी गाणं त्यांच्या मनाला लागलं असेल. डोळे मिटले, हात कानाला नेला आणि दंडारीत उचलावी तशी ओळ उचलली. सूर माझा, उचल त्यांची, जुळलं नाही, आवाज फाटला. दोन पोरी फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी म्हटलं, "ते काय दंडारीचं मैदान होय? लाज आणली मले." ते जेवले, हात धुतले. पुढच्या रविवारी मोहाखाली उभे होते.

तुम्ही इतकी वर्षं दोष पेटीत शोधला. पेटीत तो होताच, मी आता मान्य करते, बाकी सगळ्या माणसांपुरता होता. पण तुमच्या दादापुरता तो माझ्या तोंडात होता. मधल्या वर्षांत तुम्ही "दादाचं काय बिनसलं वहिनी?" असं मला दहादा विचारलं असेल. मी दहादा म्हटलं, "त्याईलेच इचारा."

अबोला तुम्हीच मोडला. भर दुपारी वही घेऊन आले. शेळीकडे बघितलंही नाही. "वहिनी, मी लिवलं. पन अर्धंच येऊन राहिलं. अर्धं तुमचं हाये."

पाळकसाहेबांनी त्याच्या आदल्या रविवारी रिकाम्या जाळ्याची गोष्ट सांगितली होती, जाळं टाकून टाकून काही न लागलेल्या माणसांची. ती तुम्ही आपल्या बोडीत आणून ठेवली. आपल्या मंडळीतल्या अर्ध्या माणसांनी त्या तळ्यात जाळं टाकलेलं आहे. तुम्ही वाचून दाखवलं:

सारी बोडी ढवळली देवा, हाती आला गाळ
रिकाम्या जाळ्यानं घरी जायाची झाली सांजवेळ

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मला आठवलं, दादा कितीदा असे आले, बोडीवरून, बाजारातून, कामाच्या शोधातून. दारात चपला काढायला किती वेळ लावायचे. माणूस असं कधी म्हणत नाही. गाण्यात म्हणेल, पण गाणं त्याच्या गळ्यात यायला पाहिजे. हे मला तेव्हा कळलं, बघा. तुम्ही वर्षानुवर्षं सांगून नाही कळलं, दोन ओळींनी कळलं.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं माणूस घरी येते. आता घरचं मानूस काय म्हनंल, ते मले काय मालूम? ते तुमी लिवा."

मी तुमच्या हातातून पेन्सिल घेतली. सुमनला हाक मारली. दोघींनी मिळून लिहिलं:

हात पाय धू, बस चुलीशी, पेज निवते ताटात
मासळी नाही आली त नाही, तू तर आला घरात

तुम्ही वाचलं आणि उठून पाणी प्यायला गेले. बराच वेळ पाणी पीत होते.

मग पेटी काढली. त्या तीन महिन्यांत मी एक चोरी केली होती, ती तुम्हाला त्याच दिवशी दिसली. पट्टी न सरकवता काळी दोनात बोटं कशी ठेवायची, ते मी एकटी असताना शिकत होती. तुम्ही माझ्या बोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अन् वही उघडली. काळी दोनात तुम्ही माणसांचं कडवं गायले. तुमची ओळ वर जाऊन पंचमावर थांबली, आणि तिथून आम्ही दोघींनी आमचं उचललं. काही जोर लागला नाही, काही नाही. मी खाली बघितलं तर माझं बोट काळी पाचवर! काळी दोनचा पंचम म्हणजे काळी पाचच की. तुमचा 'प' तोच आमचा 'सा' निघाला. सगळा जन्म पेटीवर गेला आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तुमी आमच्या वरच राहाल," तुम्ही म्हणाले.

"राहूच."

"राहा बाप्पा. आमाले आत त येऊ द्या."

तेव्हाच मी सांगून टाकायला पाहिजे होतं, दोन्ही गोष्टी. सुमन होती म्हणून नाही सांगितलं. मग शेवटच्या ओळीवरून आपलं परत जुंपलं. 'तुया सबदाखातर टाकतो जाळं आणखी एक बार.' तुम्ही म्हणाले, ही माणसांची. जाळं कोन टाकते? मी म्हटलं, टाकायचा जीव कुठून आला? चुलीजवळून. म्हणजे ओळ बायांची. तुम्ही म्हणाले, रविवारी पाहू. मी म्हटलं, पाहूच.

त्या गुरुवारी तुम्ही फुटलेला बांध नीट करत होते. छातीत कळ आली म्हणून खाली बसले. बाजूच्या बांधीतल्या माणसांनी हाक मारली तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाही. तुम्ही, आणि उत्तर दिलं नाही!

तुम्हाला नेताना आम्ही बायाच गायलो, काळी पाचात. कोणाला दुसरं सुचलं नाही, मलाही नाही. माणसांनी खांदा दिला, माती दिली, मुकेच उभे राहिले. तुम्हाला शिडी लागणाऱ्या सुरात पोचवलं, भाऊजी. माफ करा. घरी आल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि मग मी रडली ते रडलीच.

मागच्या रविवारी सुमन तुमची वही घेऊन आली आणि पेटीवर ठेवली. पाळकसाहेबांनी सांगितलं, शांतवनभाऊंचं गाणं आहे, ज्यांना येते त्यांनी म्हणा. मी म्हटलं, कोणाला येणार आहे, आम्हा दोघींशिवाय? काळी दोन लावली, तर सात-आठ माणसं उठून पुढं आली. त्यांना सगळं पाठ! गुरुवारच्या आधीच्या सांजा मोहाखाली तुम्ही त्यांना शिकवून राहिले होते आणि मला वाटायचं, खर्रा घोटून राहिले. 'रिकाम्या जाळ्यानं' म्हणताना ती माणसं एकमेकांकडे बघत नव्हती, सगळी खाली बघत होती. पण म्हणत होती. आम्ही आमचं कडवं उचललं. मागच्या सतरंजीवर कोणी गेलं नाही, भाऊजी. ते उभे होते, आम्ही बसलो होतो, आणि दोघांना जागा पुरली.

आणि मग आली शेवटची ओळ.

माणसांना तुम्ही सांगितलं असेल, ती तुमची. आम्हा दोघींचं ठरलं होतं, आमची. पण ऐन वेळी माणसांना वाटलं काकू भांडंल, आणि आम्हाला वाटलं, त्यांचा माणूस गेला, त्यांना म्हणू द्यावं. कोणीच म्हटली नाही. मी भाता मारत राहिली. पेटी नुसती वाजत होती. हायवेवरून ट्रक गेला तो सगळ्यांनी ऐकला.

मग दारातून दादांनी म्हटली. गायले असं नाही म्हणता येत. सूर कोरडा होता, ना काळी दोन ना काळी पाच. 'टाकतो जाळं' पर्यंत आले आणि थांबले, घसा खाकरला, आणि परत पहिल्यापासून म्हटली. या वेळी सगळे होते. बाई कोण आणि माणूस कोण, ते मला पेटीवर बसून वेगळं काढता आलं नाही.

दादा आणि मी घरी आलो. अंगणात आल्यावर मी म्हटलं, "आज गायलात."

"गायलो नाई. त्याची ओळ होती. पडून राहिली असती."

मग मी म्हटलं, भाऊजी. जे तुम्हाला दहा वेळा सांगायला पाहिजे होतं ते त्यांना सांगितलं. म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी ओळ उचलली होती, आन् मी घरी येऊन तसं बोलली. ते माझं चुकलं."

मला वाटलं विचारतील, कवा? इतकी वर्षं झाली. ते खाटेवर बसले, चपला काढल्या.

"मले याद हाये," ते म्हणाले. "तू चाय मांड."

मी चहा मांडला. चहा घेता घेता ते सांगायला लागले. त्या गाण्याची चाल दुसऱ्या ओळीत थोडी ओढून धरली पाहिजे, शांतवन नेहमी घाई करते. 'करते' म्हणाले, 'करायचा' नाही. माणसं पुढं उभी राहिली तर आवाज भिंतीवर आपटते, त्यांना दोन बाजूला लावावं. प्रभूच्या रंध्याचं गाणं वहीत अर्धं आहे, ते पुरं करता येईल. असं किती वेळ बोलत होते. तुम्हाला तर माहीत आहे, मी कोणाला बोलू देत नाही. भाऊजी, मी मधे एक शब्द बोलली नाही.